इंटिरिअर डिझाइनची पदवी : नागपुरात राहून शिकताना नेमके काय शिकायला मिळते?

ओळंबा

बारावीचे निकाल लागले की आमच्या धरमपेठेतील लहानशा कार्यालयात दर वर्षी पाच-सहा पालक मुलांना घेऊन येतात. कोणी ओळखीचे असतात, कोणाचे घर आम्ही केलेले असते. प्रश्न बहुतेक एकच असतो : "मुलीला घर सजवायची फार हौस आहे, तर तिला इंटिरिअरला घालावे का?" मी याच शहरात इंटिरिअर डिझाइनची चार वर्षांची पदवी घेतली, गेली चौदा वर्षे हाच व्यवसाय करते आहे आणि आठवड्यातून दोन दिवस शिकवायलाही जाते. दर वेळी अर्ध्या तासात कोंबून सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे आणि इथल्या जाणकारांनी त्यात भर घालावी, म्हणून हा धागा काढला आहे.

आधी त्या 'सजवण्या'बद्दल. हौस ही सुरुवात म्हणून चांगली असते, परंतु पदवीच्या पहिल्या वर्षात पडदे, उशा आणि भिंतींचे रंग यांचा विषय जवळजवळ निघतच नाही. निघतो तो मापांचा. माणूस बसतो, वाकतो, हात वर करतो, जिन्यात दुसऱ्याला वाट देतो, तेव्हा त्याला किती जागा लागते हे आधी शिकवतात, आणि चांगले शिक्षक ते घरातल्या माणसांना टेप लावायला सांगून शिकवतात. खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण ४५० मिलिमीटर, जेवणाचे टेबल ७५०, कपड्यांच्या कपाटाची खोली ६००, हे आकडे पहिल्या सत्राअखेर तोंडपाठ होतात. ते कुठून आले आणि कुठे मोडायचे असतात, हे कळायला मात्र पुढची तीन वर्षे पुरत नाहीत.

माझा पहिला अभ्यास आमच्याच स्वयंपाकघराचा होता. आई सकाळचा स्वयंपाक करताना कुठून कुठे जाते, त्याच्या रेघा मी नकाशावर ओढत बसले होते. ओटा ३४ इंच उंच होता. आईच्या कोपराची उंची मोजली, ती ३६ इंच भरली. उभ्याने करायच्या कामाचा पृष्ठभाग कोपरापेक्षा चार-एक इंच खाली असावा, असा ढोबळ नियम आहे, म्हणजे तिला ३२ इंचांचा ओटा हवा होता. कणीक मळताना तिच्या टाचा उचललेल्या असतात, हे मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पाहिले. शिवाय आजी ओट्याच्या डाव्या बाजूला जमिनीवर विळी घेऊन बसायची. माझ्या नव्या आराखड्यातली ट्रॉली बाहेर ओढली असती, तर ती थेट आजीच्या खांद्याला लागली असती. जमिनीवर बसून काम करणाऱ्या बाईसाठी जागा सोडायची असते, हे परदेशी मापांच्या कोणत्याही तक्त्यात मला सापडले नाही. ते आजीनेच शिकवले.

पुढे इतिहासाच्या तासाला मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंचे १९२६ सालचे 'फ्रँकफुर्ट स्वयंपाकघर' शिकवले, तेव्हा ते परके वाटले नाही. कामगारांच्या लहान घरांसाठी त्यांनी बाईच्या हालचाली घड्याळ लावून अभ्यासल्या आणि १.९ मीटर गुणिले ३.४ मीटर इतक्या जागेत सगळे स्वयंपाकघर बसवले. तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे तिथे बांधली गेली. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो, त्याचे मूळ तिथे आहे. इतिहासाचा विषय मुलांना कंटाळवाणा वाटतो, पण तो घरातल्या ओट्याला जोडून शिकवला तर पक्का बसतो.

दुसऱ्या वर्षी फर्निचर आले. मी अभ्यासाच्या टेबलाचे फार देखणे ड्रॉइंग काढले होते. एक फूट रुंद कप्पा आणि त्यात एक फूट रुंद ड्रॉवर. सरांनी गुण न देता मला ते ड्रॉइंग घेऊन लकडगंजात एका सुतारकाकांकडे पाठवले. काकांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "बेटा, चॅनल कुठी बसवू?" ड्रॉवर सरकण्यासाठी जी टेलिस्कोपिक चॅनल लागते, तिला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा सोडावी लागते, म्हणजे बारा इंचांच्या कप्प्यात ड्रॉवर अकरा इंचांचाच बसतो. ती चॅनल त्यांनी माझ्या हातात दिली आणि दोनदा ओढून, सोडून दाखवली. त्या दिवसापासून मी कागदावर काढलेली कोणतीही रेघ 'हिची जाडी किती?' असे विचारल्याशिवाय पुढे नेली नाही. संगणकावरचे सुंदर चित्र आता कोणीही काढून देतो. इंटिरिअर डिझाइनरची पदवी घ्यायची ती त्या चित्राच्या आत काय दडलेले आहे हे समजण्यासाठी.

तिसरी गोष्ट नागपूरची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, नवतपात, म्हणजे मे अखेरीस सुरू होणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी रस्ते ओस पडतात, आणि बहुसंख्य घरे आजही एसीवर नव्हे तर कूलरवर उन्हाळा काढतात. कूलर बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून आत ढकलतो. त्या हवेला खोलीतून बाहेर पडायला समोर वाट नसेल, तर तासाभरात खोली दमट होते आणि अंगाला चिकचिक सुटते. तेव्हा कूलर कोणत्या खिडकीत, त्याच्यासमोरची कोणती खिडकी उघडी राहणार, पाणी भरायची नळी कुठून येणार आणि झोताच्या वाटेत लाकडी कपाट येते का, हे सगळे आराखड्याच्या पहिल्या दिवशी ठरवायचे असते. झोतासमोर ठेवलेले स्वस्त प्लायवूडचे कपाट दोन उन्हाळ्यांत फुगते, दार घासायला लागते आणि सनमायका कडेने उचलला जातो. याउलट तेच कपाट पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लावले, तर भिंतीची धग खोलीत कमी येते. माझ्या अभ्यासक्रमात कूलर हा शब्द चार वर्षांत एकदाही आला नाही. म्हणून मी शिकवायला लागल्यापासून दुसऱ्या वर्षाला 'कूलर असलेली बारा बाय दहाची खोली' हा प्रकल्प देते.

ज्युरीबद्दल पालकांना कल्पना नसते, म्हणून सांगते. सत्राच्या शेवटी विद्यार्थी आपली ड्रॉइंग भिंतीवर लावतो, मॉडेल पुढ्यात ठेवतो आणि बाहेरून आलेले दोन-तीन डिझाइनर त्याला प्रश्न विचारतात. रात्र-रात्र जागून केलेल्या कामावर दहा मिनिटांत कठोर बोलणे ऐकावे लागते. मुले रडतात. घरच्यांनी त्या दिवशी गुण विचारू नयेत, जेवायला वाढावे.

---

त्रिमूर्तीनगरचा_पालक

ताई, अतिशय उपयोगी धागा आहे. माझी मुलगी यंदा वाणिज्य शाखेतून बारावी झाली. तिने शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा दिलेल्या नाहीत, मात्र चित्रे बरी काढते. गणित दहावीपर्यंतच होते. तिला प्रवेश मिळू शकतो का? अहमदाबादला किंवा पुण्याला पाठवावे असे नातेवाईक सांगतात, परंतु आमची आर्थिक ओढाताण होईल. नागपुरात शिकून पुढे काही होते का, हे कृपया स्पष्ट सांगावे.

---

ओळंबा

वाणिज्य शाखेची अडचण सहसा येत नाही. इंटिरिअर डिझाइनच्या बहुतेक पदवी अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेची बारावी चालते. भौतिकशास्त्र आणि गणिताची अट आहे ती वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या पदवीला, जिच्यासाठी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर 'नाटा' ही परीक्षा घेते. रेखाकला परीक्षा दिलेल्या नसल्या तरी बिघडत नाही. मुलीला रोज एक वस्तू समोर ठेवून काढायला सांगा. तांब्या, चप्पल, उघडी छत्री, काहीही. ती वस्तू फिरवून दुसऱ्या बाजूने कशी दिसेल, हे न बघता काढता येणे जास्त महत्त्वाचे आहे.

तांब्या म्हटले ते उगाच नाही. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारसाठी डिझाइनच्या शिक्षणावर अहवाल लिहिला, त्यात त्यांनी आपल्या तांब्याचाच दाखला दिला होता : किती पाणी मावते, डोक्यावर आणि कमरेवर कसा पेलतो, पाणी ओतताना तोल कसा जातो, घासायला हात आत जातो का. त्यानंतर १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. त्याच शहरातील सेप्ट या संस्थेत (आता विद्यापीठ) १९९१ साली अंतर्रचनेचे स्वतंत्र विद्यालय सुरू झाले, ते आता डिझाइन विद्याशाखा म्हणून ओळखले जाते. तिथले शिक्षण निःसंशय उत्तम आहे आणि मुलीचा तिथे क्रमांक लागला, शिवाय खर्च झेपला, तर जरूर पाठवा. पण कर्ज काढून तिसऱ्या दर्जाच्या, केवळ जाहिरातीवर चालणाऱ्या परगावच्या संस्थेत पाठवण्यापेक्षा घरी राहून इथे शिकणे मला कधीही बरे वाटते. वाचलेल्या पैशांत तिला उत्तम साहित्य घेता येईल आणि सुट्टीत अहमदाबाद, चंदिगड बघून येता येईल.

---

वास्तुरेषा

मी वास्तुविशारद आहे आणि माझे मत थोडे वेगळे आहे. ज्यांचे गणित चांगले आहे त्यांनी पाच वर्षांची वास्तुकलेची पदवी घ्यावी, कारण वास्तुविशारदाला इंटिरिअरचे काम करता येते, उलट मात्र होत नाही. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर या परिषदेकडे नोंदणी केलेल्या व्यक्तीलाच 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येते. इंटिरिअर डिझाइनरसाठी अशी वैधानिक परिषद आपल्याकडे नाही. त्याच १९७२ साली स्थापन झालेली 'इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझाइनर्स' ही व्यावसायिकांची संघटना आहे, तिचे सभासदत्व ऐच्छिक आहे. याचा परिणाम असा की तीन महिन्यांचा वर्ग केलेला मुलगा आणि चार वर्षे घासून शिकलेली मुलगी, दोघांच्याही पाटीवर एकच शब्द लिहिलेला असतो.

एक अनुभव सांगतो. वर्धा मार्गावरील एका सदनिकेत दिवाणखाना मोठा करायचा म्हणून कोणीतरी भिंत पाडायला काढली होती. शेजाऱ्यांनी मला बोलावले. पाहिले तर भिंतीच्या कडेला जो 'उगाच पुढे आलेला' भाग छिन्नीने फोडायला घेतला होता तो इमारतीचा भार पेलणारा कॉलम होता आणि आतली सळई उघडी पडली होती. काम थांबवून संरचना अभियंत्याला बोलावले. ज्याने तो फोडायला सांगितला होता त्याला कॉलम आणि भिंत यांतला फरक कोणी शिकवलेलाच नव्हता. म्हणून पालकांनी संस्थेच्या अभ्यासक्रमात बांधकाम आणि संरचना हे विषय किती सत्रे आहेत ते आधी बघावे.

---

ओळंबा

संरचनेबद्दल पूर्ण सहमत. पहिल्याच वर्षी मी मुलांना इमारतीचा मूळ नकाशा मिळवल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही, असे बजावते. मात्र 'वास्तुकला घेतली की इंटिरिअर येतेच' हे मला मान्य नाही. इमारत बाहेरून आत येत जाते, इंटिरिअर हाताच्या बोटांपासून सुरू होते. दाराची मूठ, दिव्याच्या बटणाची उंची, कपाटाच्या दाराला लागणारी ३५ मिलिमीटरच्या खोबणीची बिजागरी, हे विषय वास्तुकलेच्या पाच वर्षांत ओझरते येतात. ज्याला घरातल्या माणसाशी तासन्‌तास बोलायला आवडते, त्याने इंटिरिअरच घ्यावे.

---

तिसरे_सत्र

नमस्कार. मी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. वेळेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. सकाळी साडेनऊपासून संध्याकाळपर्यंत स्टुडिओ, म्हणजे ड्रॉइंग आणि प्रकल्पांचा वर्ग, असतो आणि घरी आल्यावर खरे काम सुरू होते. पहिल्या वर्षी सगळे हाताने काढावे लागते. शाईने काढलेल्या कागदावर घामाचा हात पुसला गेला की ते शीट पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, त्यामुळे एप्रिलमध्ये मी मनगटाला रुमाल बांधून बसत असे. कागद, मॉडेलसाठी पुठ्ठा, कटरची पाती, प्रिंट यांचा खर्च शुल्काव्यतिरिक्त असतो आणि तो सत्राच्या शेवटी एकदम वाढतो, हे पालकांनी धरून चालावे.

मला सगळ्यात आवडलेले दोन अभ्यास सांगते. पहिला नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या वाड्याच्या मोजणीचा. आम्ही आठ जणींनी पाच दिवस चौक, ओसरी, माजघर आणि माडी मोजली. भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या, आणि बाहेर रणरणते ऊन असताना माजघरात पंख्याशिवाय बसता येत होते. ओसरीच्या एका लाकडी खांबाला ओळंबा (सरळ उभेपणा तपासायची वजन बांधलेली दोरी) लावला तर तो खांब तळापासून माथ्यापर्यंत पाऊण इंच कलला होता. ड्रॉइंगमध्ये आम्ही तो सरळ काढला, तेव्हा मॅडमनी ते परत पाठवले आणि जसा आहे तसाच काढायला लावला. खांबाची नक्षी मोजायला आम्ही तारेचा तुकडा त्यावर दाबून आकार उतरवून घेत होतो. मालकीणबाई रोज दुपारी आमच्यासाठी पन्हे करायच्या आणि कोणत्या कोनाड्यात काय ठेवले जात असे ते सांगायच्या. ते सगळे आम्ही नकाशावर लिहिले.

दुसरा अभ्यास प्रकाशाचा होता. गांधीबाग या बाजारपेठेतल्या साडीच्या दुकानात ग्राहक पसंत केलेली साडी घेऊन दाराशी, उजेडात का जातात, याचे कारण शोधायचे होते. दिव्याखाली वस्तूचा रंग किती खरा दिसतो याचा एक निर्देशांक असतो, तो शंभरापैकी मोजतात. नव्वदच्या वरचे दिवे लावले तर जांभळा आणि वांगी रंग वेगळा ओळखता येतो, स्वस्त दिव्यांखाली दोन्ही सारखेच दिसतात. आम्ही एकच पैठणी तीन प्रकारच्या दिव्यांखाली आणि दाराशी धरून पाहिली. दुकानदारकाकांनी स्वतः येऊन पाहिले आणि पुढच्या आठवड्यात गल्ल्यासमोरचे चार दिवे बदलले.

---

रंधा

माझे वडील आणि आजोबा सुतारकाम करत आले आणि आता मी कारखाना सांभाळतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. महाविद्यालयातून येणारी मुले मिलिमीटरमध्ये बोलतात, आमचे कारागीर फूट, इंच आणि सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणून एक सूत साधारण तीन मिलिमीटरचे होते. दोन्ही भाषा आल्या नाहीत तर साइटवर रोज भांडणे होतात. एका नवशिक्या मुलीने सांगितलेले '१२' कारागिराने इंच समजून घेतले, ते मिलिमीटर होते. पट्टी पुन्हा कापावी लागली आणि त्या दिवसाची मजुरी वाया गेली.

दुसरे, प्लायवूडचे ताव आठ बाय चार फुटांचे येतात, हे ड्रॉइंग काढतानाच डोक्यात हवे. दोन फूट खोलीचे कपाट काढले तर एका तावातून दोन पट्ट्या निघतील असे मुलांना वाटते. पण करवतीचे पातेही तीन-एक मिलिमीटर लाकूड खाते, त्यामुळे दुसरी पट्टी तेवढी कमी भरते. खोली दोन सूत कमी धरली, तर ताव पूर्ण वापरला जातो. एका घरात असे वीस ताव लागत असतील, तर हिशेब आपणच करावा. तसेच आयएस (भारतीय मानक) ३०३ प्रमाणातले साधे प्लायवूड आणि आयएस ७१० प्रमाणातले पाण्याला टिकणारे प्लायवूड यांतला फरक तावावरचा शिक्का वाचून ओळखता आला पाहिजे. सिंकखाली पहिले वापरले तर ते टिकत नाही. ओळंबाताईंनी कूलरचे लिहिले आहे, तिथेही हेच लागू आहे.

आणि सागवानाबद्दल. चंद्रपूर, गडचिरोलीचे सागवान आपल्या दाराशी आहे. बल्लारशाहच्या डेपोतले लाकूड देशभर जाते, २०२३ साली उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपुरातून गेले. इथे शिकणाऱ्या मुलांना मात्र सागाचा रंधलेला आणि न रंधलेला तुकडा ओळखता येत नाही. महाविद्यालयांनी मुलांना निदान पंधरा दिवस कारखान्यात पाठवावे. मी विनामूल्य शिकवायला तयार आहे. फक्त मुलांनी चपला नव्हे तर बूट घालून यावे आणि करवतीजवळ मोबाइल खिशात ठेवावा.

---

एक_भाऊ

आमच्या घरी घडलेले लिहितो, म्हणजे दुसऱ्या कोणाचे नुकसान होणार नाही. माझ्या धाकट्या भावाला एका खासगी संस्थेत 'पदवी' म्हणून प्रवेश दिला. तीन वर्षे नियमित शुल्क भरले. शेवटी हातात आले ते संस्थेचेच प्रमाणपत्र, त्यावर कोणत्याही विद्यापीठाचे नाव नव्हते. विचारल्यावर 'उद्योगात पदवी कोण बघतो' असे उत्तर मिळाले. पुढे त्याला पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करायचा होता, तो दारातूनच परत आला. त्याने पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात केली आहे आणि वर्गात तो सर्वात मोठा आहे. त्याच्याकडे पाहून आईला अजून वाईट वाटते.

---

ओळंबा

हे वाचून फार वाईट वाटले. भावाने पुन्हा सुरुवात केली, याबद्दल त्याला माझा नमस्कार सांगा. इतरांसाठी खुलासा करते. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या २२ व्या कलमानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेच्या कायद्याने तसा अधिकार मिळालेल्या संस्थेलाच आहे. म्हणून प्रवेशाच्या दिवशी एकच प्रश्न विचारायचा : शेवटच्या गुणपत्रिकेवर कोणत्या विद्यापीठाचे नाव असेल? तोंडी उत्तरावर थांबायचे नाही, त्या वर्षाचे संलग्नतेचे पत्र बघायला मागायचे आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्या महाविद्यालयाच्या नावापुढे हाच अभ्यासक्रम दिसतो का ते ताडून पाहायचे. पदविका किंवा प्रमाणपत्र अभ्यासक्रम वाईट असतात असे मी म्हणत नाही. काही पदविका फार चांगल्या आहेत. फक्त जे घेतो आहोत ते काय आहे, हे आधी माहीत असावे.

---

चाकांची_खुर्ची

मी सहा वर्षांपूर्वी एका अपघातानंतर व्हीलचेअर वापरू लागलो. तोवर माझ्या स्वतःच्या घराच्या स्नानगृहाचे दार अडीच फुटांचे आहे हे मला माहीत नव्हते. चौकट आणि उघडलेले दार वजा जाता उरलेल्या जागेतून माझी खुर्ची जात नाही. दीड वर्ष मला दोन माणसांनी उचलून आत न्यावे लागले. दाराला किमान ९०० मिलिमीटर मोकळी रुंदी, खुर्ची वळवायला १५०० मिलिमीटर व्यासाची जागा आणि उताराला एकास बारा हे प्रमाण, ही मापे तुम्ही मुलांना पहिल्या वर्षी शिकवता की शेवटच्या?

---

ओळंबा

प्रामाणिकपणे सांगते, आमच्याकडे तिसऱ्या वर्षी येतात, तेही रुग्णालयाच्या प्रकल्पात. घराच्या प्रकल्पात येत नाहीत. तुमचे वाचल्यावर आज दुपारी मी पुढच्या सत्राच्या कूलरच्या खोलीच्या प्रकल्पात एक ओळ घातली : घरातील एक व्यक्ती व्हीलचेअर वापरते. जुलैमध्ये तुमची इच्छा आणि प्रकृती असेल तर ज्युरीला याल का? तळमजल्यावरच्या वर्गात घेऊ, तिथल्या दाराची रुंदी मी आधी मोजून ठेवते.

---

चाकांची_खुर्ची

नक्की येईन.

---

त्रिमूर्तीनगरचा_पालक

सर्वांचे मनापासून आभार. या धाग्यात सांगितल्याप्रमाणे मुलीला घेऊन आम्ही शहरातील दोन महाविद्यालये पाहून आलो. पहिल्या ठिकाणी स्वागतकक्ष अतिशय चकचकीत होता, परंतु विद्यार्थ्यांचा स्टुडिओ दाखवायला त्यांनी टाळाटाळ केली आणि संलग्नतेचे पत्र 'नंतर मेल करतो' असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी इमारत जुनी आहे, पण भिंतींवर मुलांची ड्रॉइंग होती, कोपऱ्यात मोडकी मॉडेल रचलेली होती आणि एक विद्यार्थिनी जमिनीवर बसून पुठ्ठा कापत होती. माझ्या मुलीने तिला काय करते आहेस असे विचारले आणि दोघी अर्धा तास बोलत बसल्या. पत्र लगेच दाखवले. आम्ही तिथे अर्ज भरला आहे.

घरी आल्यापासून मुलगी टेप घेऊन फिरते आहे. तिने आपल्या आईच्या कोपराची उंची मोजली, ती ३८ इंच भरली, आणि आमचा ओटा ३३ इंचांचा आहे. तो बरोबर आहे की कमी, असा तिचा प्रश्न आहे. दुसरे असे की तिला स्वतःच्या खोलीतले कपाट पश्चिमेच्या भिंतीला हलवायचे आहे, पण त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते.

---

ओळंबा

ओटा एक इंचाने कमी आहे, एवढ्यासाठी तो फोडू नका. भाजी चिरायला इंचभर जाडीचा पाट वापरला तर उंची जुळते, आणि कणीक मळायला थोडा कमी उंचीचा ओटाच सोयीचा पडतो. कपाट मात्र ओल बंद झाल्याशिवाय त्या भिंतीला लावू नये. आधी बाहेरच्या बाजूचे प्लास्टर आणि खिडकीवरच्या सज्जाचा सांधा तपासून घ्या, एक पूर्ण पावसाळा भिंत कोरडी राहते का ते बघा, आणि नंतर लावतानाही मागे दोन इंच फट सोडा म्हणजे हवा फिरेल. तोवर मुलीला एक काम सांगा : त्या भिंतीवर आतून हात ठेवून दुपारी बारा, तीन, सहा आणि रात्री नऊ वाजता ती किती गरम लागते ते आठवडाभर वहीत लिहून ठेवायला सांगा. पहिल्या दिवशी वर्गात ती वही घेऊन यावी.